जबड्यानं दिलेला पूर्णविराम

माणसाला जबडा असतो आणि तो दोन्ही कानांपुढच्या दोन सांध्यांवर टांगलेला असतो, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत तो बिचारा निमूटपणे काम करत होता, आणि निमूटपणे काम करणाऱ्याची कोणी विचारपूस करत नाही, तशी मीही केली नव्हती. मग एका सोमवारी सकाळी मी टोस्टचा तुकडा तोडला आणि डाव्या कानाच्या पुढ्यात ‘टक्’ असा आवाज झाला.

“कपाटाचं दार हळू लावा,” बायको वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाली.

“कपाट नाही. मी वाजलो.”

“मग तुम्ही हळू लावा.”

संसाराला अठ्ठावीस वर्षं झाली की सहानुभूती ही अशी येते. मी तो विषय तिथेच सोडला. विषयानं मात्र मला सोडलं नाही.

आठवड्याभरात आवाजाच्या जोडीला दुखणं आलं. आता, दुखण्यानं एका जागी बसावं, म्हणजे माणूस त्याच्याकडे बोट दाखवून ‘इथे दुखतं’ असं सांगू शकतो. माझं दुखणं फिरतीच्या नोकरीवर होतं. सकाळी जबड्यात, दहा वाजता डाव्या कपाळात, दुपारी मानेत, संध्याकाळी खांद्यातून उतरत थेट करंगळीपर्यंत. कानात एक बारीक शिट्टी वाजायला लागली, जणू शेजारचं कोणी गॅसवर कुकर ठेवून गावाला गेलंय. मान वाकडी धरायची म्हणून पाठ धरली, पाठ धरली म्हणून चाल बिघडली. चावायला नको म्हणून घास तसेच गिळायचे, त्याची तक्रार पोटानं केली. आणि या सगळ्यांचा मिळून परिणाम म्हणजे माझा स्वभाव चिडका झाला.

“त्याचं खापर जबड्यावर फोडू नका,” बायको म्हणाली. “तो आधीपासून तसाच आहे.”

मी कोणाला सांगणार नव्हतो. पण आमच्या जिन्यात गुप्तता ही गोष्ट तळमजल्याच्या वर येत नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मोजणीदार राहतात. आयुष्यभर जमिनी मोजल्यामुळे त्यांना सगळे मोजणीकाका म्हणतात. मी जिन्यात गाल धरून उभा असताना त्यांनी मला गाठलं.

“दात?”

“नाही. सांधा. टक् होतं.”

“उभे राहा सरळ.”

“सरळच उभा आहे.”

“तेच तर तुम्हाला वाटतं!” म्हणून ते वर गेले आणि ओळंबा घेऊन आले. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी जो दोरीला बांधलेला वजनाचा गोळा वापरतात, तोच. त्यांनी दोरी माझ्या कानापाशी धरली, गोळा माझ्या बुटापाशी हेलकावे खात राहिला, आणि जिन्यातून येणारी-जाणारी माणसं थांबून निकालाची वाट पाहायला लागली.

“डावीकडे दोन बोटं कलला आहात,” काकांनी जाहीर केलं. “पाया खचलाय. जबड्याचा काय दोष? डाव्या बुटात पुठ्ठा घाला.”

मी हसून सोडून द्यायला हवं होतं. पण एखादी गोष्ट यंत्रानं मोजून सांगितली की सुशिक्षित माणसाचं काही चालत नाही. मी त्यांनीच दिलेला पुठ्ठा घातला. चार दिवसांत जबडा होता तिथेच राहिला आणि डावा गुडघा आमच्या मंडळात नव्यानं सामील झाला. काकांचं म्हणणं पडलं की हे सुधारणेचं लक्षण आहे, सांगाडा जागेवर येतोय.

समोरच्या वहिनींचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते सगळ्याचं मूळ उशी. त्यांनी त्यांची एक उशी आणून दिली. ती कडक निघाली, म्हणून तळमजल्यावरून एक मऊ आली. ती फारच मऊ, म्हणून वहिनींच्या नणंदेनं मधली पाठवली. पंधरवड्यात आमच्या घरात नऊ उशा झाल्या. प्रत्येक जण भेटल्यावर आपल्या उशीची चौकशी करायचा, आणि मी प्रत्येकाला “तुमच्याच उशीवर बरं वाटतं” असं सांगायचो. शेवटी दोन उशीवाले एकमेकांना बाजारात भेटले आणि माझा खोटेपणा उघडा पडला.

इथपर्यंत सगळं घरच्या घरात होतं. खरा घोळ झाला तो कचेरीत.

मी सरकारी छापखान्यात आहे. प्रुफं तपासण्याच्या खोलीत आम्ही दोघं समोरासमोर बसतो. मी मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, आणि समोर बसलेल्या बाई छापलेल्या प्रुफावर पेन्सिल फिरवत चुका दुरुस्त करतात. त्यांना सगळा छापखाना नुसतं ‘बाई’ म्हणतो. सव्वीस वर्षं आम्ही असे बसतोय. मी तोंड, त्या डोळे. दोघांचा मिळून एक माणूस. वाचताना विरामचिन्हंही वाचावी लागतात. स्वल्पविरामाला मी ‘स्वल्प’ म्हणतो. पूर्णविराम मात्र दिवसातून हजार वेळा येतो, आणि तो शब्द हजार वेळा उच्चारणं माणुसकीला धरून नाही. म्हणून नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी आम्ही ठरवून टाकलं होतं: पूर्णविराम आला की मी काही बोलायचं नाही, पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर एकदा आपटायचं.

टक्.

पुढे काय झालं असेल हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

दुखणं मी कचेरीत लपवलं होतं. वाचणाऱ्यानं ‘माझं तोंड दुखतं’ म्हणायचं म्हणजे ड्रायव्हरनं ‘मला दिसत नाही’ म्हणण्यासारखं. खालच्या गोदामात गठ्ठे मोजायला पाठवतील, ही भीती. तेव्हा मी गाल न धरता, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता वाचत होतो. मोठा ‘आ’ आला की जबडा वाजायचा. माझ्या कानाच्या इतक्या जवळ वाजायचा की तो फक्त मलाच ऐकू येतो, अशी माझी समजूत होती.

त्या सुमारास दुरुस्तीच्या कामामुळे शनिवारी सगळ्या कचेऱ्यांना सुट्टी आहे अशी अफवा उठली होती. ती खोडून काढायला एक तातडीचं परिपत्रक आमच्याकडे छपाईला आलं. एकच वाक्य: ‘येत्या शनिवारी सर्व कार्यालये बंद राहणार नाहीत याची कर्मचाऱ्यांनी नोंद घ्यावी.’ मी ते वाचलं. ‘राहणार’मध्ये दोन ‘आ’ आहेत. दुसऱ्याला मी वाजलो. बाईंनी प्रामाणिकपणे पूर्णविराम दिला. त्यानंतर कोणी काही तपासत नाही, कारण बाईंनी तपासलेलं असतं.

परिपत्रक छापून गावभर गेलं: ‘येत्या शनिवारी सर्व कार्यालये बंद राहणार. नाहीत याची कर्मचाऱ्यांनी नोंद घ्यावी.’

शनिवारी कोणी आलं नाही. आमचा छापखाना तेवढा भरलेला होता, कारण आपण छापतो ते वाचायची आमच्यात पद्धत नाही. दुसऱ्या एका कार्यालयात एकच इमानी कारकून आला, त्यानं हजेरीपत्रक उघडलं, आणि आदेशाप्रमाणे प्रत्येकाच्या नावापुढे ‘नाहीत’ अशी नोंद घेतली.

सोमवारी बाईंच्या टेबलावर खुलाशाची नोटीस पडली. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर एक वेलांटी इकडची तिकडे झालेली नव्हती. त्यांनी नोटीस वाचली, सवयीनं त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक पेन्सिलीनं सुधारली, आणि चष्मा काढून पुसत बसल्या. बराच वेळ पुसत होत्या.

“मी ऐकलं होतं हो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पेन्सिल आपटलीत. मी कशाला मनानं देईन?”

मी म्हणालो, “बाई, मी पेन्सिल आपटली नव्हती.” आणि बोलता बोलताच वाजलो.

बाईंनी चष्मा घातला. माझ्या हाताकडे पाहिलं, टेबलावर पडलेल्या पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

“हे काय?”

मी सगळं सांगितलं. पुठ्ठ्यापासून उशांपर्यंत. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्याच, पण भलत्याच गोष्टीवरून.

“सव्वीस वर्षं समोर बसतो आपण. तुमच्या सर्दीच्या तारखा मला पाठ आहेत. आणि दोन महिने एवढं दुखतंय ते सांगायचं नाही? मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर चिडून मधेच पेन्सिल जोरजोरात आपटताय; वाक्य अपुरं दिसलं की मी ते टिंब सोडून द्यायची. मी घरी जाऊन विचार करायची, माझं काय चुकलं म्हणून.”

मी ताडकन उठलो आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आमचे साहेब सरळ माणूस आहेत, म्हणजे नियमाच्या पट्टीइतके सरळ. मी म्हणालो, “चूक बाईंची नाही, माझ्या जबड्याची आहे.”

साहेबांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. “जबडा पूर्णविराम देतो, असं लेखी द्याल?”

“देतो.”

“मग वैद्यकीय दाखला जोडा. पंधरा दिवसांनी सुनावणी.”

दाखल्यासाठी एक छापील नमुना होता, आमच्याच छापखान्यात छापलेला. त्यात ‘बाधित अवयव’ या सदराखाली खूण करायची होती: डोळे, कान, दात, हाडे. जबडा नव्हता. मी मोठ्या रुग्णालयात गेलो. खिडकीवरच्या माणसानं विचार करून मला हाडांकडे पाठवलं. हाडांच्या डॉक्टरांनी पाय, हात, पाठ सगळं पाहिलं आणि म्हणाले, “उत्तम. जबडा आमच्याकडे येत नाही. आम्ही मानेपासून खाली.” कानाच्या डॉक्टरांनी कानात दिवा घालून पाहिलं. “स्वच्छ आहे. शिट्टी ऐकू येते म्हणता? मला तर येत नाही.” तिसऱ्या दालनात एकानं माझे दात मोजले, सगळे जागेवर निघाले, आणि त्यानं माझं अभिनंदन केलं. प्रत्येकानं आपापल्या कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं की या इसमाला आमच्या बाजूनं काहीही झालेलं नाही. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा माझ्याकडे मी ठणठणीत असल्याचे तीन सरकारी पुरावे होते आणि डोकं असं ठणकत होतं की जिना चढताना मी दोनदा बसलो.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा बायको दार उघडून खाली आली. तिनं ते तीन कागद हातात घेतले, वाचले आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली.

“यांच्यातल्या एकानं तरी तुमच्या गालाला हात लावून पाहिला का?”

मी आठवून पाहिलं. कोणीच लावला नव्हता.

“उद्या मी येते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुढे आणि मी मागे. खिडकीवरच्या माणसानं हाडे म्हणताच ती म्हणाली, “हाडं झाली. कान झाले. दात झाले. आता जो राहिला असेल त्याचं नाव सांगा, नाहीतर मी इथेच बसते.” तिच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत एक उशी. बसण्याची तयारी पाहून त्या माणसानं वही चाळली आणि शेवटच्या पानावर जबड्याच्या सांध्याच्या डॉक्टर सापडल्या. तळघरात, औषधांच्या खोक्यांच्या खोलीला लागून.

त्या डॉक्टर वयानं लहान होत्या. त्यांनी काही न विचारता दोन बोटं माझ्या कानांपुढे ठेवली. “उघडा. मिटा. पुन्हा उघडा.” टक्. “हं. सांध्यात एक लहानशी गादी असते. ती पुढे सरकलीय. उघडताना जागेवर येते, तेव्हा वाजते.” मग त्यांनी गालाचा स्नायू दाबला, कपाळाची बाजू दाबली, मानेत एक जागा दाबली, आणि खांद्यावर अशी एक जागा दाबली की मी खुर्चीतून उठलो.

“करंगळीपर्यंत जातं?”

“जातं,” मी म्हणालो, आणि काय झालं कोण जाणे, माझे डोळे भरून आले. दोन महिन्यांत पहिल्यांदा माझं दुखणं माझ्याआधी कोणाला तरी माहीत होतं.

“ही सगळी एका जिन्यावरची बिऱ्हाडं आहेत,” त्या म्हणाल्या. “जबडा, कपाळ, मान, खांदा. एकाकडे भांडण झालं की सगळ्यांची झोप उडते. दिवसभर दात आवळून बसता ना?”

“नाही,” मी दात आवळून म्हणालो.

त्यांनी सांगितलं ते असं: ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. लहान घास, सावकाश चावायचे. मोठा आ करायचा नाही. सकाळ-संध्याकाळ गरम कपड्याचा शेक, मानेचे तीन व्यायाम. झोपताना घालायला दातांच्या मापाची एक पारदर्शक पट्टी. आणि बुटातला पुठ्ठा आजच काढायचा. “पूर्ण बरं होईल असं वचन देत नाही. काही दिवस चांगले जातील, काही वाईट. पण तुम्ही त्याच्यावर साहेबगिरी करायची, त्यानं तुमच्यावर नाही.”

दाखल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं ‘जबडा’ असा पाचवा अवयव लिहिला, आणि ‘सांध्यातून आवाज येतो’ असं नमूद केलं.

मी सगळं तंतोतंत पाळलं. उशा ज्याच्या त्याला परत केल्या. मोजणीकाकांना पुठ्ठा परत दिला. त्यांनी पुन्हा ओळंबा लावला, मी सरळ निघालो, आणि त्याचं श्रेय त्यांनी पुठ्ठ्याला दिलं. मीही देऊन टाकलं. दहा-बारा दिवसांत कुकरची शिट्टी मंदावली, गुडघा आपल्या घरी गेला, आणि सुनावणीच्या दिवशी सकाळी मी अख्खं सफरचंद बारीक फोडी करून, अजिबात न वाजता खाल्लं. घराबाहेर पडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही की हा केवढा घात आहे.

साहेबांच्या केबिनमध्ये मी, बाई आणि साहेब. बाईंपुढे कोरा कागद आणि पेन्सिल, त्यांना वाटल्यास टिपण घ्यायला. साहेबांनी दाखला दोनदा वाचला.

“‘आवाज येतो’ लिहिलंय. तो टेबलापलीकडे ऐकू जातो असं यात नाही. वाचा ते परिपत्रक.”

मी वाचलं. ‘येत्या शनिवारी सर्व कार्यालये बंद राहणार नाहीत.’ लोण्यासारखं. कुठे कुरकुर नाही.

“पुन्हा.”

पुन्हा वाचलं. ‘राहणार’वर मुद्दाम तोंड वासलं. जबडा एखाद्या गुणी मुलासारखा गप्प. आठ वेळा वाचलं. एवढं निर्दोष वाचन मी सव्वीस वर्षांत केलं नव्हतं.

साहेबांनी फाइल मिटली. “मला तुमचं कौतुक आहे. सहकाऱ्यासाठी माणूस एवढं करतो. पण आवाज काही आला नाही. चूक बाईंच्या नावावर जाईल.”

बाई मान खाली घालून कागदाकडे पाहत होत्या. ते मला सहन झालं नाही. ओठ मिटलेले, दात सुटे वगैरे सगळं मी विसरलो. दात करकचून आवळले, कपाळातून कळ गेली, आणि मी उभा राहिलो.

“साहेब, या बाईंनी आजपर्यंत तुमच्या सहीच्या प्रत्येक कागदातल्या चुका काढल्या आहेत!” टक्. “मागच्या वर्षी तुमच्या भाषणात ‘आभार’च्या जागी ‘आजार’ छापून जाणार होतं, ते यांनी थांबवलं!” टक्. “यांना ताप असतानासुद्धा काना-मात्रा चुकलेली नाही! आणि माझ्या तोंडाच्या लाजेपायी यांच्या नावाला डाग लागणार असेल, तर मला गोदामात पाठवा!” टक्.

मी आणखी बरंच बोललो. आता ते सगळं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की साहेब माझ्याकडे बघत नव्हते. ते बाईंच्या हाताकडे बघत होते. बाईंची मान खालीच होती, डोळे ओले होते, त्यांचं कशाकडे लक्ष नव्हतं. पण हात सव्वीस वर्षांच्या सवयीनं आपलं काम करत होता. मी वाजलो की त्यांची पेन्सिल कोऱ्या कागदावर एक टिंब देत होती. टक्, टिंब. टक्, टिंब.

मी थांबलो. साहेबांनी कागद आपल्याकडे ओढला आणि टिंबं मोजली. अकरा.

“टेबलापलीकडे ऐकू जातो,” ते म्हणाले आणि तसं दाखल्यावर स्वतः लिहिलं.

बाईंवरची नोटीस मागे घेतली गेली. आमची जागा बदलायचा आदेश निघाला: आता बाई वाचतात, मी तपासतो. बाईंचा आवाज असा सुरेख आहे की निविदेच्या अटीसुद्धा ऐकाव्याशा वाटतात. जबडा अजून दुखतो. आठवड्यातून दोन दिवस वाईट जातात, थंडीत तीन. त्या दिवशी मी गळ्यात मफलर घालतो, मऊ जेवतो, आणि “आज दुखतंय” असं सरळ सांगतो. सांगितल्यानं दुखणं कमी होत नाही, पण लपवायचं जे वेगळं ओझं असतं ते तरी खांद्यावरून उतरतं, आणि माझ्या खांद्याला तेवढंही पुष्कळ आहे.

सांगण्याचा एक परिणाम मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हता. पहिल्याच आठवड्यात यंत्रावरचा फोरमन दुपारी माझ्याशेजारी येऊन बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, “मनगट. चार वर्षं.” दुसऱ्या दिवशी बांधणी खात्यातल्या ताई आल्या, अंगठा घेऊन. मग टपालाचा माणूस, टाच. एवढा मोठा छापखाना इतकी वर्षं दात आवळून चालला होता, याचा मला पत्ता नव्हता. मी डॉक्टर नाही, पण तळघरातली खोली कुठे आहे आणि खिडकीवर कसं बसून राहायचं, एवढं तरी मी सांगू शकतो.

काल साहेब आले. बाई रजेवर होत्या. साहेबांनी आत येऊन दार लावून घेतलं, खुर्ची ओढली, आणि टेबलावरचा कागद उगाच सरळ करत म्हणाले, “कंबर. नऊ वर्षं. घरी पण माहीत नाही.”

“सुरुवातीपासून सांगा साहेब,” मी म्हणालो. “घाई नाही.”

साहेब पाऊण तास बोलत होते. सगळ्यांना सल्ले देऊन थकलेल्या माझ्या जबड्याला एवढी विश्रांती कितीतरी महिन्यांत मिळाली नव्हती.